हिरवी वायर

गिटार वाजवणाऱ्याच्या पायाखाली लाकडी पाट द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत होती. जेवायला बसायचा साधा पाट. कार्यक्रमाच्या सामानाच्या यादीत सतरंज्या, हार, पाण्याचा पिंप आणि त्याखाली 'गिटारचा पाट' असं लिहिलेलं असायचं. तारांना हात लावला की झिणझिण्या येतात आणि पाटावर उभं राहिलं की येत नाहीत, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. का येतात, हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही, आणि मी तर बारावी सायन्स होतो. आज आठवलं तरी स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

ही नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. नाशिकला आमच्या कॉलनीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, कुणाच्या घरच्या नामकरणाला आम्ही भीमगीतं आणि बुद्धगीतं गायचो. गायिका माझी ताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, इगतपुरीच्या पुढच्या एका झेडपी शाळेत शिक्षिका. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळी दमून परत यायची आणि हातपाय धुतले की रियाजाला बसायची. तिच्या आवाजाबद्दल भाऊ म्हणून मी काय सांगणार? दळण घेऊन चाललेल्या बाया डोक्यावरचा डबा खाली ठेवून आमच्या खिडकीपाशी थांबायच्या, एवढं सांगतो. त्या वर्षी एका कॅसेट कंपनीचा माणूस तिला ऐकून गेला होता. मे महिन्यात तिची पहिली कॅसेट निघायची ठरली होती. आईने ती बातमी कॉलनीभर तर सांगितलीच, पण भाजीवाल्यालाही सांगितली.

मी गिटारवर. बारावीला आपटून बी.कॉम.ला आलेला, आणि तरीही आपल्याला सगळं कळतं या समजुतीत राहणारा. वाजवताना मी डोळे मिटून घ्यायचो. एकदा सुरू झालो की गाणं संपलं तरी माझं चालूच. मग ताई सरळ हात पुढे करून तारांवर तळवा ठेवायची. आवाज बंद व्हायचा आणि मी डोळे उघडायचो. घरी रियाजात हे दिवसातून चार वेळा व्हायचं. "मास्तर, आलं स्टेशन, उतरा," असं म्हणून ती हसायची.

माझा अ‍ॅम्प्लिफायर मला देवळालीच्या एका म्हाताऱ्या वादकाने दिला होता. बोटं वाकेनाशी झाल्यावर त्याने तो मला देऊन टाकला. काळा, जड, बारा इंची स्पीकरचा. उचलला की पाठीतून कळ यायची. त्याला सतत काही ना काही होत असे. कधी आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, कधी गिटारची पिन घातली की आवाज येई आणि जाई, कधी नुसतीच घरघर. मी त्याची काळजी घ्यायचो म्हणजे वरून कापडाने पुसायचो. आत काय चाललंय हे बघायचं असतं, हे मला पंचवटीतल्या काकांनी सांगितलं.

काका म्हणजे दुरुस्तीवाले. एका बोळात त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. मूळचे चांदवडकडचे, घरची कांद्याची शेती भावावर सोडून इथे आलेले. रेडिओचं काम एका कारागिराकडे बसून शिकले आणि पुढे सगळंच करू लागले. त्यांची कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाला मशीन ठेवून जाऊ द्यायचे नाहीत. मला स्टुलावर बसवून एकच तार छेडत राहायला सांगायचे आणि स्वतः पेन्सिलीच्या उलट्या टोकाने आतल्या एकेका भागावर टकटक करत जायचे. जिथे खरखर वाढली तिथे पेन्सिल थांबायची. "हा बघ, हा बोलतोय," असं म्हणून ते त्या जागी नवा सांधा द्यायचे. सांधा थंड झाला की वायर चिमट्यात धरून जोराने ओढून बघायचे. ती निघाली नाही की मगच पुढे जायचे. एकदा स्पीकरचा कागद फाटला, तर त्यांनी संक्रांतीच्या पतंगाचा पातळ कागद डिंकाने चिकटवून तो असा नीट केला की मला जागा शोधावी लागली. काय काय केलं ते मागच्या फळीवर आतून पेन्सिलने लिहून ठेवायचे. "पुढच्याला कळलं पाहिजे," म्हणायचे.

जाताना दर वेळी तोच उपदेश. चालू असताना वर कापड टाकायचं नाही. महिन्यातून एकदा मागची फळी काढून मऊ ब्रशने धूळ झाडायची. आत झुरळं शिरतात, त्यांना गरम जागा आवडते, ती बघायची. मी मान डोलवायचो आणि यातलं काहीही करायचो नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये झिणझिण्या वाढल्या. पाटावर उभा असूनही बोटांना चटके बसल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा मी अ‍ॅम्प काकांकडे नेला. त्यांनी तो उघडला आणि मीटर लावला. मग म्हणाले की ट्रान्सफॉर्मर म्हातारा झालाय, आतल्या तारेवरचं वेष्टण गळून करंट लोखंडी पेटीत उतरतोय. नवी तार गुंडाळायला आठ दिवस लागतील, मशीन ठेवून जा. मी म्हटलं, तीन दिवसांवर कार्यक्रम आहे. आमच्या कॉलनीतल्या नव्या विहाराचं उद्घाटन, दुसरा अ‍ॅम्प कुठून आणू. त्यांना ते पटलं नव्हतं. शेवटी त्यांनी एक जाड हिरवी वायर पेटीच्या लोखंडाला सांधली, दुसरं टोक प्लगच्या वरच्या मोठ्या पिनेला जोडलं आणि नेहमीसारखी ओढून बघितली.

"हे अर्थिंग," ते म्हणाले. "करंट चुकला तर जमिनीत जाईल, माणसात नाय जाणार. फ्यूज उडाला तर समजायचं मशीन नाय म्हणतंय. मग वाजवायचं नाय. माझ्याकडं घेऊन यायचं. ह्या हिरव्या वायरीला हात लावायचा नाय."

एवढं सांगूनही त्यांचं समाधान झालं नसावं. त्यांनी फळीवर पेन्सिलने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अर्थिंग काढू नये.'

कार्यक्रम दुपारी चारचा होता. ऊन असं की मांडवाच्या कापडाखालीही डोकं तापत होतं. धूळ उडू नये म्हणून बायांनी विहारासमोरच्या जमिनीवर बादल्या बादल्या पाणी मारलं होतं. स्टेज म्हणजे मातीचाच ओटा, त्यावर सतरंजी, तीही खालून ओली झालेली. स्टेजवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यामुळे आम्ही सगळे अनवाणी. तिथे चपला घालून कुणी चढत नसे. मी माझा पाट मांडला.

दुपारी दोन वाजता मी अ‍ॅम्प लावून बघितला होता. फ्यूज उडाला. नवा घातला. तोही उडाला. मी घामाने आणि रागाने भिजलो. तीन दिवसांपूर्वी दुरुस्त करून आणलेलं मशीन आणि ऐन वेळी हे. ऑर्केस्ट्रातल्या पोरांना असल्या अडचणीवरचा उपाय पाठ होता, मीही तो त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी विहाराच्या मागे गेलो, प्लग उघडला, हिरवी वायर ब्लेडने कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि प्लग बंद केला. अ‍ॅम्प लगेच सुरू झाला. घरघरही कमी झाली होती. काका उगाच भीती घालतात, असं मला वाटलं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे मी लपवत नाही.

तिसरं गाणं चालू होतं. ताईचं कडवं संपलं आणि मी माझा तुकडा वाजवायला घेतला, डोळे मिटून. त्याच वेळी भंतेजी आले. ढोलकी थांबली, पेटी थांबली, माणसं उठून उभी राहिली. मला यातलं काहीच दिसलं नाही. मी वाजवत राहिलो. ताईच्या उजव्या हातात माइक होता. तिने डावा हात पुढे केला आणि घरी ठेवायची तसा तारांवर तळवा ठेवला.

स्पीकरमधून मोठा घुमारा आला. मी डोळे उघडले. ताई माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे मोठे झाले होते. तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं ती माझी नक्कल करतेय. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. क्षणभर मी हसलो होतो. मग तिचे गुडघे वाकले, पण हात सुटला नाही. माइकही सुटला नाही. मी पाटावर उभा, मला बोटांत फक्त मुंग्या, आणि एक हातभर अंतरावर माझी बहीण थरथरत होती. मी काय केलं? काहीच नाही. माझे हातपाय माझे राहिले नव्हते. ढोलकीवाल्याने उडी मारून बोर्डातून वायरच उपटली, तेव्हा ती सतरंजीवर पडली.

ती वाचली. दवाखान्यात दोन दिवस ठेवली. डॉक्टर म्हणाले, करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, म्हणजे छातीतून गेला, आणखी थोडा वेळ असती तर हाती लागली नसती. तिच्या डाव्या तळव्यावर सहा तारांचे सहा चटके उमटले होते, वहीवर ओळी आखाव्यात इतके सरळ. मी ते बघितले आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसलो. वडील मागून आले. कसं झालं, एवढंच त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या कानांनी ऐकलं की मी म्हणतोय, काकांनी वायर नीट जोडली नव्हती, ती सुटली.

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण त्यानंतर जे केलं ते ठरवून केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लगपाशी वायर तोडून प्लग नाल्यात टाकला आणि तो अ‍ॅम्प, आतल्या पेन्सिलीच्या अक्षरांसकट, भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून दिला. आईला वाटलं, पोराला त्या वस्तूची किळस आली असेल. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच दुपारी काका दवाखान्यात आले. कापडी पिशवीत चिकू होते. आधी दारातच थांबले, सगळ्यांना जय भीम घातला, मग पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. वडील उठले आणि त्यांना जायला सांगितलं. काका हात जोडून म्हणाले, मला एकदा मशीन बघू द्या, बाकी काही नको. वडील म्हणाले, ते भंगारात गेलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझा सांधा सुटला व्हता का रं?"

खोलीत सगळे होते. आई, वडील, ताई. मी म्हटलं, "हो."

एकच अक्षर. पन्नाशीतला तो माणूस वाकला आणि त्याने माझ्या बहिणीच्या पायांवर हात ठेवले. ताईने पाय आखडून घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ते थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले, मग निघून गेले. चिकू आईने शेजारच्या पलंगावर देऊन टाकले.

ताईचा हात महिन्याभरात बरा झाला. मे महिन्यात ती वडिलांबरोबर रेकॉर्डिंगला गेली आणि तासाभरात परत आली. वडिलांनी नंतर सांगितलं की माइक समोर आणला तशी तिला कापरं भरलं. माइक हातात धरायचा नव्हता, तो स्टँडवर लावलेला होता, तरीही. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा दारातूनच परत फिरली. कॅसेट दुसऱ्या कुणाची तरी निघाली. मग तिने घरीही गाणं बंद केलं. विहारात वंदना ओठांतल्या ओठांत म्हणायची. शाळेत मुलांना कविता नुसत्या वाचून दाखवायची. एकदा कुणीतरी दुरुस्तीवाल्या काकांचा विषय काढला, तर ती शांतपणे म्हणाली, "त्या माणसाने माझा गळा घेतला." मी शेजारी बसून भात कालवत होतो. पंचवटीत जायचं झालं तर ती तो बोळ टाळून लांबच्या रस्त्याने जायची, आणि मी तिच्याबरोबर असलो तर मीही लांबच्या रस्त्याने जायचो.

गिटार मी माळ्यावर टाकली. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखाने. मीही तसंच वाटू दिलं.

मध्ये आठ वर्षं गेली. ताईचं लग्न झालं, ती नाशिकरोडला राहायला गेली, तिला दोन मुली झाल्या. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क झालो. ऑफिसातल्या एकाने घर बदलताना त्याचा जुना अ‍ॅम्प मला दिला, आणि इतक्या वर्षांनी माझे हात शिवशिवले. अ‍ॅम्पमधून घरघर येत होती. मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात मी चौकशी केली, हे काम कोण करतं. दुकानदाराने सहज सांगितलं की नाशकात असलं काम करणारा एकच माणूस होता, पंचवटीत, पण तो आता प्लग असलेल्या वस्तूला हात लावत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या हातून काहीतरी झालं म्हणे.

मी दुकानातून कधी बाहेर पडलो, सायकलस्टँडवर कसा पोहोचलो, आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की काका आपलं काम करत असतील. लोक चार दिवस बोलले असतील आणि विसरले असतील. मी मारून नेलेली वेळ कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसली असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आलं असेल तर मी ते ढकलून दिलं असेल.

त्या रविवारी सकाळी मी आठ वर्षांनी पहिल्यांदा त्या बोळात शिरलो. दुकान तेच. बाहेर पत्र्याची पाटी होती, 'फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करून मिळतील.' आत भिंतभर घड्याळं टकटक करत होती. फळीवर बॅटऱ्या, खेळण्यातल्या गाड्या, एक कॅल्क्युलेटर. काकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं आणि मला लगेच ओळखलं.

"ताईचा हात बरा हाय ना?" त्यांनी विचारलं.

बस म्हणाले नाहीत, कसा आहेस म्हणाले नाहीत. पहिलं वाक्य हेच. मी मान हलवली. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग मी न विचारताच काका सांगू लागले, की मोबाइलचे चार्जरसुद्धा ते घेत नाहीत, लोक हसतात, हसू दे. आपल्या हाताचा आपल्यालाच भरवसा राहिला नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी पत्र्याची एक लांब पट्टी काढली. तिच्यावर ओळीने हिरव्या वायरचे तुकडे सांधलेले होते, किती ते मी मोजले नाहीत. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी ते सांधे दिले होते आणि एकेक चिमट्याने ओढून बघितला होता.

"एक बी सुटला नाय," काका म्हणाले. "नंतर बी लय वेळा वढून बघितले. मग तेवढा एकच कसा सुटला, हे मला आजपत्तुर कळलं नाय."

मी म्हटलं, "सुटला नव्हता, काका. वायर मी कापली होती. ब्लेडने."

घड्याळं चालू होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते मारतील, आणि मारावं असंही वाटलं.

"कधी?"

"त्याच दुपारी. फ्यूज उडत होता म्हणून."

"किती वेळा उडाला?"

"दोनदा."

त्यांनी मान डोलवली. पट्टीवरून अंगठा फिरवला. "म्हणजे सांधा धरून व्हता, करंट जमिनीत जात व्हता," ते हळू म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते उठले, पट्टी खणात ठेवली, मला बाहेर काढलं आणि भर सकाळी दुकानाचं शटर ओढलं.

"चल. हिला सांग."

काकांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. काका म्हणाले, हा तो गिटारवाला, ह्याला काहीतरी सांगायचंय. एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. दुपारचे दोन वाजल्यापासून भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत. काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही, पण हात थांबले होते.

मग त्या बोलल्या. चिडून नाही, आणि त्यानेच मी हादरलो. म्हणाल्या, मुलीचं लग्न झालं तेव्हा यांनी मांडवात एक दिवा लावू दिला नाही. सकाळी उन्हात लग्न लावलं. स्पीकर नाही, पंखे नाहीत. मुलाकडचे विचारत होते, सुतक आहे का घरात. घरात मिक्सर नाही, इस्त्री नाही. झोपण्याआधी हा माणूस उठून सगळ्या बटणांना हात लावून बघतो. त्यांनी हे सगळं भाव सांगावेत तशा आवाजात सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"बावीस."

"म्हणजे लहान नव्हता," त्या म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, तुमच्या ताईंना माहीत आहे का. मी नाही म्हटलं. त्या उठल्या, हात धुतले, आत जाऊन साडी बदलून आल्या. "चला मग."

आम्ही नाशिकरोडला जायला रिक्षा केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, कारण मागे त्या दोघांच्या मध्ये बसायची माझी हिंमत नव्हती. द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा मला उतरून पळून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यात पहिला विचार तोच यावा, याचा मला धक्का बसला. ताईच्या इमारतीच्या जिन्यापाशी काका थांबले.

"मला बघितलं तर त्या दार लावतील," ते म्हणाले.

"लावू द्या," काकू म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

मी बेल वाजवली. ताईने दार उघडलं. मला बघून ती हसली, कारण मी रविवारी येतो हे तिला सवयीचं होतं. मग तिला माझ्यामागे काका दिसले. तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिने दाराच्या कडेवर हात ठेवला आणि ते लोटायला सुरुवात केली.

"ताई, वायर मी कापली होती," मी म्हणालो. "काकांचा सांधा सुटला नव्हता. मी खोटं बोललो."

दार अर्ध्यावर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातून धपाटे खाल्लेत, तिची बोलणी खाल्लीत, पण तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. त्यात राग नव्हता. मी कोण आहे हे ती नव्याने बघत होती. आतून मुलींचा आवाज आला, आई कोण आहे.

मग तिने दार पूर्ण उघडलं. काकांकडे वळून म्हणाली, "आत या." काकूंचा हात धरून तिने त्यांना आत घेतलं. पंख्याखालची खुर्ची तिने स्वतः ओढून काकांना दिली. मी दारातच उभा होतो. तिने दार लावलं नाही आणि मला ये असंही म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि ट्रेमध्ये पाणी घेऊन बाहेर आली. तीन पेले होते. एक तिने काकांना दिला, एक काकूंना. तिसरा पेला बघून मी एक पाऊल आत टाकलं. तो तिने स्वतः पिऊन टाकला.